नळीच्या पलीकडचा वायू

निशिगंधा जिंतूरकर ही मी आजवर पाहिलेली सगळ्यांत भित्री बाई. तिच्या माघारी बोलते आहे असं समजू नका. तिच्या तोंडावरही मी हेच म्हणायचे आणि ती मान डोलवायची. रिक्षावाल्याने जरा जोर केला की ही मागून त्याच्या खांद्याला बोट टोचून “भैया, धीरे” म्हणणार, आणि त्याने ऐकलं नाही तर भर चौकात उतरून पायी घरी जाणार. घरून निघाल्यावर गॅसची कळ बंद केली की नाही हे बघायला परत जिना चढणार. पाली, विजा, इंजेक्शनं, पोलिसाची शिट्टी, सासूबाईंचं गप्प बसणं, सगळ्यालाच ती घाबरायची. अशा बाईने खरं तर पोस्टात तिकिटं विकायला बसावं. ती बसायची मिथेनच्या सिलिंडरशेजारी, हजारो व्होल्टच्या विजेपुढे, आणि तेही दिवसभर.

आमची सरकारी प्रयोगशाळा सिकंदराबादच्या पलीकडे होती. मी मूळची पुण्याची, लग्न होऊन हैदराबादला आले आणि इथेच चिकटले. निशिगंधा इथलीच. तिचे वडील एकनाथराव निजामाच्या अमदानीत जिंतूरहून नोकरीसाठी आले आणि गौलीगुड्यात राहिले. तिचं ‘नक्को’ आणि ‘करायलेत’ ऐकून मी पहिल्या दिवशी हसले होते. माझं पुणेरी ऐकून तिलाही हसू आलं असणार, पण भिऊन तिने ते दाखवलं नाही. आम्ही दोघी बरकतपुऱ्यात राहायचो, मध्ये दोन गल्ल्या. जाता-येता एकच बस, एकच बाक, आणि बहुतेक वेळा बोलायचे मी.

तिचं काम काय होतं ते नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. गोबर गॅसमध्ये असतो तोच मिथेन तेलाच्या विहिरींतूनही वर येतो, आणि दूर वाहून नेणं परवडत नाही म्हणून कित्येकदा तिथल्या तिथे पेटवून देतात. जाळण्याऐवजी त्याचं काही कामाचं करता येईल का, हा आमचा प्रश्न. मिथेन हा वायूंमधला मठ्ठ. तो सहजासहजी मोडत नाही. त्याला एरवी भट्टीची आग लागते. आमचे विभागप्रमुख डॉ. राघवाचारी यांनी दुसरी वाट धरली होती. क्वार्ट्‌झच्या नळीत निकेल चढवलेल्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या भरायच्या. त्या गोळ्या म्हणजे उत्प्रेरक. नळीतून मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड एकत्र सोडायचे आणि नळीच्या आतबाहेर मोठ्या दाबाची वीज लावायची. मग आतला वायू जांभळा उजळतो. तो उजेड म्हणजे प्लाझ्मा. त्यात मिथेन मोडतो आणि दुसऱ्या टोकाने हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतात. पुढे त्यांचं मिथेनॉल करा नाही तर आणखी काही करा. मी समोरच्या खोलीत बसायचे आणि बाहेर पडलेल्या वायूचा नमुना तपासून, शंभरातला किती मिथेन मोडला ते सांगायचे.

आणि तो आकडा म्हणजे नुसते नखरे. वीज वाढवली की मिथेन जास्त मोडतो, पण वाजवीपेक्षा वाढवली की आत ठिणगी पडून नळी तडकते. वायू हळू सोडला की तो उजेडात जास्त रेंगाळतो आणि आकडा चढतो, पण मग दिवसभरात हाती लागतं थोडंच. मिथेनचं प्रमाण वाढवावं तर गोळ्यांवर काजळी धरते आणि त्या मरतात. निशिगंधाला या प्रत्येक गोष्टीची भीती वाटायची, आणि म्हणूनच ती या कामात चोख होती. ती एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तीही चिमूटभर. रोज सकाळी यंत्र सुरू करण्याआधी साबणाचं पाणी कुंचल्याने जोडांवर लावून बुडबुडा येतो का ते बघायची. सिलिंडरपासून नळीपर्यंत एकही जोड सुटायचा नाही. मिथेन गळला आणि ठिणगी पडली तर काय होईल, हे तिला रोज डोळ्यांपुढे दिसायचं. नळीच्या पलीकडच्या रबरी पाइपकडे मात्र ती बघायची नाही, आणि आम्हीही बघायचो नाही. तिथून पुढे जायचं ते वापरून झालेलं. ते खिडकीतून बाहेर पडायचं आणि आमच्या लेखी संपायचं.

बाजार खुला होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. नाक्यानाक्यावर एसटीडीची दुकानं निघाली होती, गच्च्यांवर टीव्हीच्या थाळ्या उगवल्या होत्या, आणि आमच्या प्रयोगशाळेला वरून निरोप आला होता की आता आपलं आपण कमवायला शिका. राघवाचारींनी एका खाजगी कंपनीला आमचं यंत्र दाखवायचं ठरवलं. कंपनीची अट सरळ होती: निम्म्याहून जास्त मिथेन मोडून दाखवा. आमचा आकडा त्याच्या बराच खाली अडकलेला. निशिगंधाची नेमणूक प्रकल्पावरची, म्हणजे प्रकल्प आहे तोवर ती. तिचा नवरा श्रीकांत रेल्वेच्या कचेरीत कायम होता, घर त्याच्यावर चाललं असतं. पण त्या खोलीतलं एक स्टूल तेवढं तिचं स्वतःचं होतं, आणि ते जाण्याचीही तिला धास्ती होती.

पाहुणे यायचे म्हणून तिची खोली सजली. भिंतींना रंग लागला, एअर कंडिशनर आला. गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडकीची जुनी झडप काढून घट्ट काच बसवली, आणि रबरी पाइप बाहेर काढायला सुताराने चौकटीला भोक पाडून दिलं. खोली अशी थंडगार झाली की मी काही ना काही निमित्त काढून तिथे डोकावून यायचे. आणि गंमत म्हणजे त्यानंतर आकडाही चढायला लागला. राघवाचारी म्हणाले की गार हवेमुळे विजेचं यंत्र नीट चालायला लागलं. आम्हालाही ते पटलं. चढत्या आकड्याला कोण कशाला कारण विचारतो?

त्याच सुमाराची एक संध्याकाळ. परतीच्या बसमध्ये निशिगंधा एकदम पांढरी पडली, पदर तोंडाला लावला आणि डोकं माझ्या खांद्यावर टाकलं. माझी दोन बाळंतपणं झालेली. मला सांगावं लागलं नाही. मी नुसतं तिच्याकडे बघितलं, तर तिने माझा हात गच्च धरला.

“अलकाताई, कुणाला सांगू नका हो. तिसरा संपू द्या.”

तिची याआधी दोन गेली होती. पहिल्या वेळी सासूबाईंनी गल्लीभर पेढे वाटले होते. दुसऱ्या वेळी तिने फक्त माहेरी सांगितलं, आणि माहेरून ते सगळ्या नात्यात गेलं. दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्याच्या आतच सगळं आटोपलं. तिसरा संपेपर्यंत बोलायचं नाही ही रीत तर आपल्या घराघरांत आहेच. तिच्या घरात आता ती दहशत झाली होती. सांगितलं की नजर लागते, आणि नजर लागली की जातं. या खेपेला एकट्या श्रीकांतला ठाऊक होतं, खुद्द सासूबाईंनासुद्धा नाही. मला राग आला. रसायनशास्त्राची एम.एस्सी., पहिला वर्ग, आणि ही नजरेच्या गोष्टी करते. पण जिची दोन गेलेली आहेत तिच्याशी वाद घालण्याइतकी मी कठोर नाही, म्हणून गप्प बसायचं कबूल केलं.

तर अशी ही भित्री बाई, आणि तिला एका गोष्टीची मात्र भीती वाटत नव्हती. ती म्हणजे तिची मळमळ. आधीच्या दोन्ही वेळी तिला काहीही झालं नव्हतं. खाणंपिणं व्यवस्थित आणि मग एक दिवस सगळं संपलेलं. ओकाऱ्या होतात त्या बाईचं मूल घट्ट असतं, असं तिच्या मावशीने तिला ऐकवलेलं. त्यामुळे आता डोकं जड झालं, चक्कर आली, पोटात ढवळलं की तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसायचं. “मळमळायलंय म्हणजे धरून बसलंय ते,” असं ती बसमध्ये माझ्या कानात सांगायची. संध्याकाळी घरी जाऊन पडलं की जरा बरं वाटायचं, सकाळी काहीच नसायचं, आणि दुपारपर्यंत पुन्हा सुरू. रविवारी तर अजिबात नाही. यावर आम्ही दोघी हसलोही होतो. मी म्हटलं, तुझं बाळ आतापासूनच सरकारी नोकर झालंय, सुट्टीच्या दिवशी कामाला हात लावत नाही.

इकडे राघवाचारींनी वीज वाढवायचा धोशा लावला. ती अडून बसायची. गोळ्यांवर काजळी धरेल, नळी जाईल, असली कारणं द्यायची. कारणं खरीच होती, पण त्यामागचं सगळ्यांत मोठं कारण ती सांगू शकत नव्हती. नळी फुटली तर समोर आपण एकटे नाही, हे तिच्या मनात. राघवाचारी माणूस वाईट नव्हते, पण घाईत होते. ते आपल्या तेलुगू वळणाच्या हिंदीत चेष्टा करायचे की मॅडमना काडेपेटीचीसुद्धा भीती वाटते. शेवटी ती चिमूट चिमूट करत वीज वाढवायची. वायूचा वेगही कमी केला. आकडा निम्म्याच्या जवळ आला, आणि आकड्याबरोबर तिची मळमळही वाढली. आता ती टेबल धरून उभी राहायची. मी म्हटलं रजा घे, तर म्हणाली की हे तर चांगलंच लक्षण आहे.

एक दिवस तिच्या घरी पाहुणे यायचे होते म्हणून ती दुपारीच निघाली, आणि तिच्या जागी मी त्या थंडगार खोलीत बसले. चहाच्या वेळेपर्यंत माझं डोकं ठणकायला लागलं. दोन्ही कानशिलांवरून कुणी दोरी आवळावी तसं. मग तोंडाला पाणी सुटलं आणि पोटात ढवळलं. उन्हातून आले होते, डबा जरा शिळा होता, अशी मी मनाची समजूत घालत होते. यंत्र बंद करून बाहेर पडले, बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली, आणि वाऱ्यावर सिकंदराबाद स्टेशनपर्यंत सगळं उतरलंसुद्धा. चक्क भूक लागली. या वयात मलाही दिवस गेले की काय, असं म्हणून मी स्वतःशीच हसले.

ते हसू तोंडावरच राहिलं. मला दिवस गेलेले नव्हते. मग मला कशाने मळमळलं? मग मला तिची दुपार आठवली, तिची बरी होणारी संध्याकाळ आठवली, तिचा रविवार आठवला. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, मग मळमळतं, मग चक्कर येते. हे मी कॉलेजात पाठ केलेलं होतं.

घरी न जाता मी तडक तिच्याकडे गेले. बाहेरच्या खोलीत पाहुणे, मध्ये सासूबाई, आणि निशिगंधा चहाचा ट्रे घेऊन उभी. त्या सगळ्यांसमोर मी काय सांगणार होते? जे कुणाला ठाऊकच नाही, त्याला धोका आहे हे कसं सांगायचं? मी कसाबसा चहा घेतला, निघताना तिला दारापाशी बोलावलं आणि एवढंच म्हटलं की उद्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, मी सांगेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसायचं. तिने का म्हणून विचारलं नाही. नुसता चेहरा उतरला, आणि मान डोलवून ती आत गेली.

सकाळी ती बाकावर बसली आणि मी राघवाचारींना घेऊन खोलीत गेले. दार उघडं टाकलं, यंत्र सुरू केलं, तिचाच कुंचला साबणाच्या पाण्यात बुडवला आणि आजवर जिथे कुणी लावला नव्हता तिथे, नळीच्या पलीकडच्या जोडाला लावला. दूध उतू जावं तसा फेस आला. मग बाकीचं दोघांनाही दिसलं. सुताराचं भोक लहान होतं आणि चौकटीत पाइप चेपला होता. बाहेर जायला वाट नाही म्हणून वायू जोडातून खोलीतच सुटत होता, आणि बंद खोलीत एअर कंडिशनर तीच हवा पुन्हा पुन्हा गार करत होता. नळीत दाब साठल्यामुळे वायू जांभळ्या उजेडात जास्त रेंगाळत होता, म्हणून आकडा चढला होता. जितका मिथेन मोडायचा तितकं विष जास्त, आणि तिने वीज वाढवली ती मिथेन जास्त मोडावा म्हणूनच. राघवाचारींनी स्वतःच्या हाताने दोन्ही सिलिंडर बंद केले आणि तिच्या स्टुलावर बसले. मग कपाळाला हात लावून म्हणाले की म्हणजे आपला आकडाही खोटाच.

माझं डोकं फिरलं. दिलेला शब्द मी तिथेच मोडला.

“सर, आकडा गेला खड्ड्यात. ती बाई गरोदर आहे.”

 त्यांनी हलक्या आवाजात विचारलं की मला आधी का नाही सांगितलं, मी तिला दुसरं टेबल दिलं असतं. आणि त्यांनी ते खरंच दिलं असतं, हे मला माहीत होतं. त्याचंच मला सगळ्यांत वाईट वाटलं. एका वाक्याचं काम होतं, आणि ते वाक्य बोलायची बंदी होती.

बाकावर जाऊन मी तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत राहिली.

“म्हणजे ती मळमळ वायूची होती?”

मी म्हटलं, असावी.

“सगळी?”

 मी काही म्हणायच्या आत तीच बोलायला लागली, परीक्षेत तोंडी उत्तर द्यावं तशी. हा वायू रक्ताला प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट धरतो. आईच्या रक्तातून तो आत जातो, आणि आतल्याचं रक्त त्याला आणखी घट्ट धरतं. आई मोकळ्या हवेत आली की तिचा निघून जातो, आतल्याचा निघायला वेळ लागतो. अडाणी बाईला नुसती भीती वाटली असती. हिला कशाकशाची भीती बाळगायची ते एक एक करून माहीत होतं.

मी तिला तशीच डॉक्टरकडे न्यायला निघाले, तर ती जागची हलेना. दोन्ही वेळा तिने ते बघितलं होतं. मशीन पोटावर फिरवायचं, बघणाऱ्या बाई बोलत बोलत गप्प व्हायच्या, आणि मग नवऱ्याला बाहेर वेगळं बोलवायचं. ते गप्प होणं तिला पुन्हा ऐकायचं नव्हतं. मळमळ परत आली की जाऊ, असं म्हणाली. वायूची असेल ती जाईल आणि बाळाची असेल ती राहील, असा तिचा हिशेब.

घरी तिने ताप असल्याचं सांगितलं आणि रजा टाकली. मी रोज संध्याकाळी जायचे. सासूबाई दारातच सांगायच्या की सुनेची तब्येत झकास आहे, आज दोन भाकऱ्या खाल्ल्या. निशिगंधा माझ्याकडे बघून मान हलवायची. नाही. काही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. एकदा मी गेले तर ती शेगडीवर वाकून उभी होती. लसणाची फोडणी करपत होती आणि ही त्या धुरात तोंड घालून श्वास ओढत होती, निदान त्याने तरी ढवळेल म्हणून. डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण पोट शांत. सासूबाई मागून म्हणाल्या की बघ, आता कशी स्वयंपाकात लक्ष घालतेय. मी गॅस बंद केला आणि तिला गच्चीत नेलं. तिथे ती एवढंच म्हणाली, “आत कुणी नाहीये, अलकाताई.” मी तिला रागावले, असं बोलायचं नाही म्हटलं. पण मलाही तेच वाटत होतं. मला इतकी भीती माझ्या स्वतःच्या मुलांच्या आजारपणातही वाटली नव्हती.

मधल्या काळात कंपनीचे लोक येऊन गेले. राघवाचारींनी पाइप मोकळा केला होता, खिडकी उघडी ठेवली होती, त्यामुळे आकडा पुन्हा निम्म्याच्या बराच खाली गेला. कंपनीवाल्यांनी चहा घेतला, विचार करून कळवतो म्हणाले आणि गेले. राघवाचारी एका शब्दाने कुणाला बोलले नाहीत. रोज सकाळी मी आले की ते दाराशी थांबायचे, मी ‘अजून नाही’ अशी मान हलवायचे, आणि ते आपल्या खोलीत जायचे.

शेवटी श्रीकांतनेच कंबर कसली. हा एरवी बायकोपुढे मोठ्याने न बोलणारा माणूस. त्याने डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली आणि आईला कसलंसं निमित्त सांगितलं. तिने माझं नाव काढलं म्हणून मीही निघाले. दवाखाना काचीगुड्याच्या बाजूला, बरकतपुऱ्यापासून चालत जाण्यासारखा. रिक्षा तिला नको होती. आम्ही तिला दोघांच्या मध्ये घेऊन चाललो. ती इतकी हळू चालत होती की मागून येणारे लोक वळसा घालून पुढे जात होते. मध्येच थांबली आणि श्रीकांतला म्हणाली की डॉक्टरीणबाई गप्प झाल्या ना, तर तुम्ही बाहेर जाऊ नका, माझ्यासमोरच ऐका. त्याने मान डोलवली. 

काचीगुड्याच्या वळणावर एक इराणी हॉटेल आहे. सकाळचे उकळलेल्या चहाचे आणि ताज्या बिस्किटांचे वास रस्त्यावर आले होते. मला तर बरे वाटले ते. निशिगंधा एकदम उभी राहिली, हॉटेलाबाहेरचा लोखंडी कठडा दोन्ही हातांनी धरला आणि गटारावर वाकून ओकली. श्रीकांत घाबरून तिचं नाव घेत राहिला. त्याला वाटलं आता इथेच काहीतरी होतंय. मी तिचं कपाळ धरलं. मोकळा रस्ता, सकाळचा वारा, आसपास ना नळी ना सिलिंडर. ती सरळ झाली, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा वाकली. दवाखान्यातल्या मशीनवर थोड्या वेळाने ठोका दिसला. वायूने आत काय केलं असेल ते आज सांगता येत नाही, असंही डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि ती भीती आम्हाला पुढे कित्येक वर्षं पुरली. पण ते नंतरचं. रस्त्यावर त्या घडीला मला फक्त तिचं तापलेलं, घामेजलेलं कपाळ हाताला लागत होतं, आणि मी रडत होते.

हॉटेलातून एक म्हातारा वेटर पाण्याचा ग्लास घेऊन धावत आला. “क्या हुआ अम्मा, तबियत खराब है क्या?” त्याच्यामागे टेबलांवरची माणसं कप हातात धरून बघायला लागली होती. श्रीकांतने सवयीने तोंड उघडलं, पित्त झालंय म्हणून सांगायला. निशिगंधाने त्याचा हात बाजूला केला, चूळ भरली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“नक्को घबराओ चाचा. पेट से हूँ मैं. तीसरा महीना है.”